ती वीस मिनिटं

प्रिय अहो,

पत्रात तुम्हाला दुसरं काय म्हणू? सव्वीस वर्षं नावानं हाक मारली नाही. आता मारली तर तुम्हीच दचकाल!

आज लिहितेय, कारण काल संध्याकाळी मी केळशीहून सायकल चालवत रत्नागिरीला आले. हो, मीच. आणि वाटेत तुमच्या शेवटच्या दिवसाबद्दल एक गोष्ट कळली. ती अजून आपल्या मुग्धालाही सांगितलेली नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय. म्हणून तुम्हालाच सांगते.

चार वर्षं मी समुद्र पाहिला नव्हता. रत्नागिरीत राहून! रिक्षा भाट्याच्या पुलावर चढली की मी डोळे मिटून घ्यायची. मांडवीला कुणी चला म्हटलं की माझं डोकं दुखायला लागायचं. घरात मासे आणायचे बंद केले. काय करू? ताटातला मासा बघितला तरी मी ताट बाजूला सारायची.

आणि रागही यायचा तुमचा. किती वेळा सांगितलं होतं, नारळी पौर्णिमा झाली म्हणून पाणी लगेच शांत होत नाही, त्या आरे-वाऱ्याच्या कातळावर मासे गरवायला जाऊ नका! तुम्ही गरी आणि डबा उचलायचात, म्हणायचात, "दुपारी जेवायला येतो." त्या रविवारी मी तीनपर्यंत जेवले नाही हो.

लाटेनं तुम्हाला कातळावरून ओढून नेल्यावर काय झालं, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्हाला शोधून काढलं ते रफीकभाईंनी. बंदरावरच्या आठ-दहा जणांचा त्यांचा गट आहे. कुणी मच्छीमार, कुणी रिक्षावाला. पगार कुणालाच नाही. कुणी बुडतंय असा फोन आला की हातातलं काम टाकून जुनी होडी घेऊन निघायचं, एवढंच. निदान तुमचा चेहरा मला शेवटचा बघता आला, तो त्यांच्यामुळे.

यंदा त्यांनी होडीच्या सामानासाठी सायकलफेरी काढली. केळशी ते रत्नागिरी, तीन दिवस. जितकं अंतर कापाल, त्या हिशेबानं ओळखीच्यांनी होडीसाठी पैसे द्यायचे. ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला आणि मी "येते" म्हणून बसले. मग तासभर फोनकडे बघत राहिले. कोण बोललं हे माझ्या तोंडून? शाळेनंतर सायकलला हात लावला नव्हता!

मुग्धा फोनवर ओरडली, "आई, गुडघे बघ आधी तुझे! आणि वाटेत खाडी आहे, फेरीबोट आहे. तू चढणार आहेस?"

"बघू," म्हटलं. दोन महिने स्टेडियमभोवती फेऱ्या मारल्या, पण डोळ्यांसमोर ती बोटच.

केळशीहून निघालो. आंजर्ल्यानंतर चढ लागला, तो बरा. उतार लागला की दोन्ही ब्रेक आवळून जीव मुठीत धरायची. मागून डंपर आला की उतरून कडेला उभी राहायची. बाकीचे पुढे जायचे, रफीकभाई मात्र माझ्यामागे सायकल हाकत राहिले.

दाभोळला पोचलो. फेरीबोट लागली, सगळे आत गेले. मी सायकल धरून काठावरच उभी. फळीखाली पाणी दिसत होतं, काळपट, हलणारं. पहिली बोट मला न घेताच गेली.

रफीकभाई थांबले होते. "वैनी, नको वाटत असेल तर राहू दे. चिपळूणवरून गाडीनं फिरवून नेतो."

का कुणास ठाऊक, चार वर्षं न विचारलेला प्रश्न तेव्हा बाहेर पडला. "रफीकभाई, तुम्ही पोचलात तेव्हा ते... लगेच गेले होते ना?"

ते खाडीकडे वळले. मग म्हणाले, "वैनी, तुमच्याशी खोटं बोलवत नाय. इंजिन सुरूच होईना. वीस मिनिटं दोरी ओढत होतो. त्यांच्यासोबत गरवायला आलेला दोस्त वरून फोनवर सांगत होता, दिसतायत, हात वर करतायत. मग म्हणाला, आता दिसत नाय." त्यांचा आवाज कातर झाला. "चार वर्षं तुमच्या दारावरून जाताना मान खाली घालतो मी."

तुम्ही हात वर केला होतात! कुणाला बोलावत होतात? मला? मी तेव्हा सोलकढी गाळत होते.

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. मग एकदम भीती वाटली, आणि मी विचारलं, "आता होडीला कुठलं इंजिन आहे?"

"तेच."

म्हणजे आज, या क्षणी कुणी पाण्यात पडलं तर पुन्हा वीस मिनिटं? दुसरी बोट लागली होती. मी सायकल ढकलत आत गेले. पलीकडे धोपाव्याला पोचेपर्यंत रेलिंग सोडलं नाही, डोळेही उघडले नाहीत. पण चढले. पुढे तवसाळच्या फेरीबोटीत डोळे एकदा उघडले.

काल आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर मात्र डोळे मिटून चालणार नव्हतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली सगळा समुद्र. आणि तुमच्याच कातळावर, अगदी पाण्याच्या कडेला, एक माणूस गरी टाकून उभा!

सायकल तिथेच आडवी टाकली मी. कठड्यापाशी जाऊन घसा फाटेपर्यंत ओरडले, "अहो भाऊ, वर या!"

तो हसला. "काय होत नाय ओ काकी! रोजचं आहे आमचं!"

"माझ्या नवऱ्याचंही रोजचंच होतं!"

त्यानं गरीची दोरी गुंडाळली आणि तो दगडांवरून वर चढला. तो रस्त्यावर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

नवं इंजिन पुढच्या महिन्यात येतंय. तेवढी मदत जमली. मला आनंद व्हायला हवा, पण तुमचा तो वर केलेला हात डोळ्यांपुढून जात नाही.

भीती गेलेली नाही हो. जाईल असं वाटतही नाही. पण शब्द देते: आता दर रविवारी सकाळी मी त्या कठड्यापाशी असेन. खाली उतरणाऱ्या एकेकाला अडवीन. चिडतील, हसतील, वेडी म्हणतील. म्हणू देत. त्यांना जेवायला घरी पाठवीन.

तुमचीच,
सुनंदा