बाबांच्या आवाजाची आवृत्ती

४ मार्च
दादाने माझा प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चढवला. बाबा टाइप करतात, संगणक बोलतो — बाबांच्याच आवाजात. घशाच्या ऑपरेशनआधी मी हट्टाने रेकॉर्ड करून घेतलेला आवाज! माझ्याकडे प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. तिकडे भलताच कुणीतरी बोलला. दादा फोनवर म्हणाला, "अगं, हा तर बातम्या देणारा वाटतोय!"

५ मार्च
सापडलं. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये मी प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची, नुसती नावं लिहिली, आवृत्त्या नाहीत. त्या लायब्रऱ्या आणून बसवणारं पिप बिचारं सांगकामं — दादाला सगळं ताजं आणून दिलं. आवाजाच्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीला बाबांच्या आवाजाची फाइल वाचता येईना, म्हणून तिने आपला तयार आवाज लावला.

८ मार्च
काय निवडू? पिपच ठेवून आवृत्त्या हाताने लिहायच्या, तर लायब्रऱ्यांच्या पोटात आणखी लायब्रऱ्या. त्यांच्यावर कोण लक्ष ठेवणार? पोएट्री हे दुसरं साधन नीटनेटकं, पण प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय ते पायथनच दादाकडे धड नाही. यूव्ही हे तिसरं साधन पायथनसुद्धा स्वतः आणतं. सगळं एका इन्स्टॉलरमध्ये कोंबलं, तर प्रत्येक दुरुस्तीला नवं गाठोडं बांधा!

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "लॉक फाइल करून सगळ्या आवृत्त्या पक्क्या कर. आणि भावाला सूचना देऊ नकोस, एकच कमांड दे." दादा दातांचा डॉक्टर आहे, तरी खरंय ते.

९ मार्च
यूव्ही. ठरलं.

११ मार्च
लहानमोठ्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती कुलूपबंद केली. जुन्या लॅपटॉपवर पहिल्यापासून चढवून पाहिलं. बाबा बोलले — "शहाणे, जेवलीस का?" मीच टाइप केलेलं. तरी रडू आलं.

मनाला एक रुखरुख आहे. कुलूप घातलं की पुढच्या दुरुस्त्याही दाराबाहेर राहतात. एक दिवस हे सगळं जुनाट होऊन बंद पडेल. पण हा आवाज गेला तर दुसरा कुठून आणू? राहू दे कुलूप.

१२ मार्च
दादाने कमांड मारली आणि चाललं! म्हणाला, "बाबा नुसते ऐकत बसलेत. आता काही टाइपच करेनात." आनंदाने असेल.

१४ मार्च
बाबांनी स्वतः फोन लावला. तोच भरदार आवाज — "शहाणे, तो परका आवाज परत दे. हा ऐकला की मला बोलता आलं असं वाटून तुझी आई हातातलं टाकून धावत येते. मग तिला संगणक दिसतो."

आवृत्ती बदलली. एका ओळीचं काम होतं.