मेढीवरची हिरवी फांदी

५ जुलै

मुहूर्तमेढ रोवली एकदाची! ह्यांचा हट्ट – मेढ गावाहूनच यायची, आमच्याच बेटातल्या वेळूंची, तीही पाल्यासकट. पणजोबांपासूनची रीत म्हणे. रायपुरात काय बांबू मिळत नाहीत? पण नाही. सिरपूरच्या पुढून पिकअपमध्ये घालून वेळूंचा अख्खा जुडगा आणला. चौबे कॉलोनीतले लोक गॅलरीत येऊन बघत होते. आता फाटकाशी हे एवढं हिरवं झुडूप उभं आहे आणि मांडवपरतणीपर्यंत त्याला हलवायचं नाही.

लेकीचं, श्रावणीचं लग्न बारा तारखेला. हळद घरीच, बाकी सगळं हॉलवर.

६ जुलै

सकाळी मेढीला पाणी घालायला गेले. पाल्यातलं एक पान माझ्याकडे बघत होतं. दुसरे शब्द सापडत नाहीत. तिकोनी डोकं, खाली वेळूला वेढा घातलेलं हिरवं अंग. मी डावीकडे सरकले, डोकं डावीकडे वळलं. सावकाश. उजवीकडे सरकले, तर उजवीकडे.

ओरडले नाही. ओरडले असते तर हे काठी घेऊन आले असते. मागच्या वर्षी अंगणात धामण मारली, तेव्हा शिशिर बापाशी कितीतरी दिवस बोलला नव्हता. पोरगा बस्तरच्या जंगलात सापांच्या नोंदी घेत फिरतो आणि बाप घरी साप मारतो – असं आमचं घर!

त्यालाच फोटो पाठवला. लगेच फोन. "आई, तू पहिले मागे हो. चापडा आहे. किसी को मत बताना, बाबांले तर बिलकुल नाही." चापडा अंगावर धावून येत नाही, दिवसेंदिवस एका जागी बसतो, पण हात जवळ गेला तर सोडत नाही, म्हणाला. दवाखान्यात जी लस असते ती दुसऱ्या सापांची, ह्याच्या विषावर तिचा भरवसा नाही. जीव सहसा जात नाही, पण हात सडू शकतो. ह्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये एक खाच असते, तिने त्याला ऊब दिसते.

म्हणजे तो मला बघत नव्हता. माझी ऊब बघत होता. हे कळल्यावर जास्तच कसंतरी झालं.

७ जुलै

दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसले. मेढ सोवळ्यातली आहे, कोणी शिवायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. माझ्या तोंडी सोवळं! माझी धाकटी जाऊ रमा पदराआड हसली. हे म्हणाले, "काहून बसून राहिली इथं? लग्न पोरीचं आहे का मेढीचं?"

एक विचित्र गोष्ट. सकाळी तो कमरेच्या उंचीवर होता. दुपारी बघते तर वर, मेढीला बांधलेल्या आंब्याच्या डहाळीजवळ. आणि जाड वाटला. शिशिर म्हणतो दिवसा हा हलतच नाही, तुला भास झाला असेल.

भास? मला?

८ जुलै

आहे. वाऱ्याने पाला हलतो, तो हलत नाही.

९ जुलै

शिशिर आला. हे पत्रिका वाटायला गुढियारीला गेले होते, तेवढ्यात त्याने आकड्याने उचलून कापडी पिशवीत घातलासुद्धा. मी बघत राहिले. एवढासा? मला तर चांगला दोन अंगठे जाड वाटला होता. शिशिर हसला. घाबरलं की साप मोठाच दिसतो, म्हणाला.

फुलं आणायला जातो असं सांगून दोघं गाडीने थेट गावी गेलो. त्याचं घर होतं तिथेच त्याला सोडू म्हणून.

बेटच नाही! रस्ता रुंद होतोय. लाल माती, यंत्राच्या चाकांचे माग, जाळलेल्या मुळांचे ढीग. खालचा नाला मुरूम टाकून बुजवलाय. तिथला माणूस म्हणाला, "आखरी बांस तो आपही के घर गया." हे काही बोलले नव्हते मला. यंत्र यायच्या आत तेवढी मेढ तोडून आणली होती तर. गावातलं आपलं शेवटचं काहीतरी पोरीच्या लग्नात असावं, एवढंच त्यांच्या मनात असणार. त्यांचा राग येईना.

शिशिर मातीत उकिडवा बसून राहिला. पुढ्यात पिशवी. मग बरंच पुढे, एका ओढ्याकाठी विरळ बांबू होते, तिथे सोडला. पानांत शिरला आणि नाहीसा झाला. "इथंही दोन साल बस," शिशिर म्हणाला.

११ जुलै

हळद झाली. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! मीच सगळ्या बायकांना मेढीशी ओढून नेलं, लावा म्हटलं हळदकुंकू, खुशाल हात लावा. श्रावणीच्या मैत्रिणींनी खेटून फोटो काढले. पोरंसोरं मेढीभोवती शिवाशिवी खेळली.

मेढीचा पाला पार वाळलाय. पण रमा म्हणाली, खांद्याच्या उंचीवर एक फांदी अजून हिरवीगार आहे. तिने तिच्या शेजारीच कुंकवाचं बोट टेकवलं. "पोट्टी सुखात राहते पहा, वहिनी." मला रडूच आलं. चष्मा घरात, डोळे भरलेले. तिथेच पाल्यात हात घालून चाचपत हळदीचा दोरा बांधला. मनगटाला काहीतरी गार लागलं. बरं वाटलं त्या उकाड्यात.

१२ जुलै

श्रावणी गेली.

१४ जुलै

पाहुणे गेले. शिशिर पहाटेच बस्तरला निघाला. उद्या मांडवपरतणी, म्हणून चष्मा लावून मेढीशी गेले.

फांदी हिरवीच आहे. दोन अंगठे जाड – त्या दुपारी वर दिसली ती हीच. माझा दोरा तिच्या डोक्यापासून वीतभर. खाली वाळक्या पाल्यात पेन्सिलीएवढी पिल्लं – हिरवी, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

हळदीला एवढे हात तिच्या तोंडासमोरून गेले. प्रत्येकाची ऊब तिला दिसली असणार. माझीही.

शिशिरला फोन केला. आधी त्याने मला मागे सरकायला लावलं. मग म्हणाला, "आई, सोडू कुठं हिले?"