उन्हातला हिरवा ठिपका

११ जानेवारी

आज बोरगावच्या बागेत फजिती झाली. संत्र्याच्या झाडात आतून वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, कशी ओळखायची ते बारा शेतकऱ्यांना दाखवायचं होतं. मी बोट करून म्हटलं, "ती बघा, मधली." बारा जणांनी बारा फांद्या पाहिल्या! बांबूनं दाखवायला गेले, तर बांबू पानांत अडकला. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, चढूनच दाखवा ना!" सगळे हसले. शिडीवर आरी घेऊन बाबा होते; सल काढणारी टोळी त्यांचीच. ते हसले नाहीत.

जाताना आमच्या कंपनीतले वीरेंद्र सर म्हणाले, "दिपाली, लेसर घेऊन घ्या एक. चोवीसला तिगावला मोठे बागवाले येऊन राहिले. तिथं असं चालणार नाही."

तिगावचं नीट झालं तर वीस बागांची सल काढायचं काम बाबांच्या टोळीला. नाही तर बाहेरची टोळी येईल. सरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. बरं केलं. मी बापासाठी वशिला लावते असं कोणी म्हणायला नको.

कामावर बाबा मला मॅडम म्हणतात. नको म्हटलं होतं. "कामावर कामावानी राहा लागते," म्हणाले.

१२ जानेवारी

पांढुर्ण्याला स्टेशनरीच्या दुकानातून लाल लेसर आणला. दुकानात भिंतीवर ठिपका टिकलीसारखा ठसठशीत. "दोन किलोमीटर जाते ताई!" बाहेर येऊन समोरच्या शटरवर टाकला. काही नाही. अगदी तळहातावर धरला तेव्हा कसाबसा दिसला. परत गेले तर दुकानदार म्हणतो, "उन्हात कोण लावते लेसर?" परत घेतला नाही. चूक माझीच. आधी उन्हात लावून बघायला हवा होता.

१४ जानेवारी

संक्रांत. आई तिळगूळ वळत होती, मी मोबाइलवर वाचत बसले. कळलं ते असं — डोळ्याला लालपेक्षा हिरवा रंग पुष्कळ जास्त दिसतो. ताकद तेवढीच असली तरी हिरवा ठळक वाटतो. आणि पाच मिलीवॉटच्या वर जायचं नाही. डोळ्याला धोका.

आई म्हणाली, "हात चालव. डोळे का मोबाइलमंदीच ठेवून देशीन?"

१६ जानेवारी

ऑफिसातल्या तुषारनं नागपूरहून एक आणला. जाड, टॉर्चएवढा. भर दुपारी रस्त्यापलीकडच्या बाभळीवर ठिपका लख्ख! सर खूश. "हाच ठेवा." मग तुषारनं गंमत म्हणून काड्यापेटीच्या काडीवर धरला — काडी पेटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर चिठ्ठी मात्र पाच मिलीवॉटचीच!

मी सरांना म्हटलं, हा नको. फांदीपासून हातभर अंतरावर माणसाचं डोकं असतं. शिवाय पाखरं पळवायला बागेत चमकीच्या पट्ट्या बांधलेल्या असतात, त्यावरून उलटला तर खालच्यांचेही डोळे गेले. तुषार म्हणाला, "तुम्ही तं बाई चहा बी फुंकून फुंकून थंड करूनच पेता." सरांनी लेसर तुषारला परत दिला. मग म्हणाले, "मग तुमचा तुम्ही शोधा. पण चोवीसला दिसला पाहिजे."

घरी येताना वाटलं, उगाच आडवी आले का? नाही. काडी पेटली होती.

१९ जानेवारी

साधा हिरवा घेतला. या वेळी दुकानदाराला दुकानाबाहेर उन्हात उभं केलं आणि वीस पावलांवर जाऊन बघितलं. "पोरीची जात अन् इतकी चौकशी!" म्हणाला. म्हणू दे.

२० जानेवारी

सकाळी सातला बागेत गेले तर नवा लेसर मेलेला! रडायला आलं. मुठीत धरून बसले, तोंडाची वाफ दिली, मग हळूहळू उजळला. थंडीत हिरवा मंद होतो म्हणे. आता स्वेटरच्या आत ठेवायचा.

दिवसभर करून पाहिलं. उन्हातल्या पानावर दिसत नाही. खोडाच्या सावलीच्या बाजूला पंचवीस पावलांवरूनही दिसतो. ऊन आपल्या पाठीशी हवं. ठिपका एका जागी धरला तर लोक शोधत बसतात, हळू गोल फिरवला की लगेच सापडतो. बटण शिडीवरच्या माणसाच्या डोक्याखालीच सुरू करायचं आणि मग ठिपका वर न्यायचा, तेही माणूस बाजूला झाल्यावर.

संध्याकाळी घरी भिंतीवर दाखवला. आई: "मांजरीले खेळवाले आणला का हा?" बाबांनी बोटानं ठिपक्याचा पाठलाग केला. "चांगला दिसते," म्हणाले. मला हायसं वाटलं.

२४ जानेवारी

तिगाव.

आधी सगळं नीट. साडेदहाचं ऊन, पण मी सगळ्यांना झाडाच्या सावलीकडून उभं केलं. ठिपका फिरवला. "हाव, दिसला! ते पाहा." एक म्हातारे यशवंतराव म्हणून आहेत, मोठे बागवाले, ते म्हणाले, "पोरीनं चांगलं काढलं हे." तीन झाडं झाली.

चौथ्या झाडावर बाबा शिडीवर. मी जाड सल दाखवली. "ही काढा." बाबांचा हात पुढे गेला, थांबला. मी खालून, ठिपक्याकडेच बघत म्हटलं, "हां, तीच." आरी चालली. खाली पडली ती हिरवी, पालवी फुटलेली फांदी. मनगटाएवढी. वाळलेली शेजारी तशीच!

सगळे त्या फांदीभोवती जमले. मग यशवंतराव म्हणाले, "तिचा बापच आहे म्हणते ना तो?"

मी सरांना म्हटलं, माझा हात हलला. टोळीचं मग सांगतो म्हणाले.

२५ जानेवारी

हात किती हलतो ते मोजलं. वीस पावलांवर भिंतीवर खडूनं खूण केली. ठिपका दोन बोटं हलतो. फार तर तीन. त्या दोन फांद्यांत हातभर अंतर होतं. मग काय झालं?

२७ जानेवारी

दुपारी बाबांना अंगणात उभं केलं. निंबाच्या खोडावर ठिपका. "दिसते का?" "हाव." मग बटण सोडलं. "आता?"

"दिसते ना."

पुन्हा एकदा केलं. पुन्हा "दिसते". मग बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. तोंडाकडे म्हणजे आवाजाकडे.

"उन्हात समदं पांढरं होते," म्हणाले. "संध्याकाळी बराबर दिसते." तीन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही. सल हातानं ओळखतात. सुकलेली साल खरखरीत लागते, ठोकलं की आवाज वेगळा. "तिगावपर्यंत एक बी ओली नाही कापली मी," म्हणाले.

तीन वर्षं ते शिडीवर! आणि मी खालून ठिपके दाखवत होते.

२८ जानेवारी

डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उन्हात जास्त चकाकतं ते त्यामुळेच. फेब्रुवारीत ऑपरेशन. तोवर शिडी बंद. बाबा वाटेत एवढंच म्हणाले, "गजेंद्र चढन. मी खालून सांगीन." गजेंद्र म्हणजे टोळीतला आमचा चुलतभाऊ.

सरांना अजून मी "हात हलला" असंच सांगून ठेवलं आहे. ते खोटं आहे. लिहून द्यायला हवं. दिलं तर टोळीचं काम जाईल.

२९ जानेवारी

सकाळी लिहून दिलं. "टोळीप्रमुखांना उन्हात ठिपका दिसला नाही, म्हणून चुकीची फांदी कापली गेली. लेसर योग्य आहे." दोन ओळी. चार वेळा कागद बदलला.

दुपारी सरांचा फोन. "दिपाली, तुम्ही खरं लिहिलं, पण आता मी तरी का करू? चुकणारा माणूस टोळीचा प्रमुख कसा ठेवू? दुसऱ्या टोळीला सोमवारी सांगून देतो."

घरी सांगितलं. आईनं ताटावर ताट आपटलं. बाबा म्हणाले, "खरं लिहिलं ना. झालं मग." जेवले नाहीत.

३० जानेवारी

सकाळी बाबा अंगणात दात घासत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात लावला तवाच कळलं होतं मले. ओली होती ते. म्हणून थांबलो. पण तू खालून म्हणाली, हां, तीच. म्हटलं, ते शिकली आहे, तिच्या हातात यंत्र आहे. आपलाच हात चुकत असन."

सरांना दिलेला कागद चूक आहे. बाबांचा हात बरोबर थांबला होता, चुकीचं "हां, तीच" माझं होतं. दुसरा घेऊन निघाले आहे.