चाळीस सेकंदांचा बैल

प्रिय जीवन,

पत्र पाहून पहिले तू हसशील. फोन असून कागद कायले, म्हणशील. फोनवर चारदा टाइप केलं अन् चारही वेळा पुसलं. पेननं लिहिलेलं पुसता येत नाही, ते बरं. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तू तुझ्या मनानं लावून घेजो. राजूरचा पत्ता तुझ्या आईनं दिला. मीही आता तिले तुमच्यासारखं याडीच म्हणते. तिच्यापर्यंत कशी पोहोचली, ते पुढे सांगते.

पहिले खबर. मी ती मशीन घेतली. कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर जिची लिस्ट लिहून ठेवे, तीच. बत्तीस जीबी रॅम, मोठं ग्राफिक्स कार्ड, काचेचा कॅबिनेट, आत निळे-हिरवे लाइट. बाबा तिले देव्हारा म्हणतात अन् तिच्यावर सोयाबीनचा भाव पाहतात. आई लोणच्याचे व्हिडिओ पाहते. मी ट्युशनच्या पोरींचे पेपर टाइप करते. एवढ्याले तर बाबाचा मोबाईल पुरला असता. बाजूच्या वावरात मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडते, यूपीएस टूं-टूं करते अन् देव्हारा विझून जाते. पहिले दोन महिने मी काय केलं, सांगू? तिचा स्पीड मोजला. इंग्लिश व्हिडिओवाल्या पोट्ट्याच्या मशीनपेक्षा आपली किती मागे आहे, ते रोज पाहत बसली. बैल काही काढला नाही.

बैल तुझा होता. पहिले तुमच्या तांड्याचे बंजारा लोक बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरत, त्या गोष्टी याडी तुले सांगे. पुसदजवळ तुमच्या तांड्यातली पोरं घरी गोरबोली बोलतात अन् अंगणवाडीत गोष्ट मात्र मराठीतच ऐकतात, म्हणून तुले मिठाच्या बैलाचं दोन मिनिटांचं कार्टून करायचं होतं, त्यांच्याच बोलीत. तू तो कोपरा फुटलेला चार जीबीचा लॅपटॉप घेऊन लायब्ररीत बसे, अन् मी म्हणे, याच्यावर होतच नाही, हँग होईल, जरा थांब, नवीन कार्ड येऊन राह्यलं. ते आलं की म्हणे, आता त्याच्या पुढचं येऊ दे. दोन वर्षं मी तुले असं थांबवलं. तू कधी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

मग तुले राजूरकडे कोळशाच्या वजनकाट्यावर काम लागलं. यवतमाळच्या स्टँडवर वणीची बस लागली होती. तू खिडकीतून विचारलं, "सुरभी, एक बैल काढाले किती रॅम लागते?"

अन् मी खरंच हिशोब केला. म्हटलं, "कमीत कमी सोळा जीबी."

तू मान हलवली. बस गेली. मी बरोबर उत्तर दिलं, असं वाटून मी खुशीत घरी आली. जेवून उठल्यावर लक्षात आलं की तू रॅमचं विचारतच नव्हता. तेव्हापासून दीड वर्ष झालं. राजूर याच जिल्ह्यात आहे, सकाळी निघालं तर दुपारी पोहोचते माणूस. तरी मी आली नाही. काय म्हणून येणार होती?

मागच्या रविवारी पुसदची बस धरली. याडीले सांगितलं, इकडे काम होतं. तिचा विश्वास बसला नाही, पण तिनं मले बसवलं. मी न विचारताच तिनं पेटीतून तुझा लॅपटॉप काढला, आरशांच्या भरतकामात गुंडाळलेला. म्हणे, जीवन म्हणतो भंगारात दे, मले देववत नाही, तू पाहून सांग. चालू व्हायले त्यानं इतका टाइम घेतला की आम्ही दोघींनी तुरीच्या शेंगांचं अर्धं टोपलं सोललं. मग एक फोल्डर दिसला, 'बैल'. याडीच्या भरतकामाचे फोटो कापून केलेला बैल. पाय वेगळे, शेपूट वेगळी, शिंगांवर आरसे. एकेक पाय जरा-जरा सरकवून पाचशेक चित्रं. अन् तो चालतो, जीवन. चाळीस सेकंद चालतो. मी तारखा पाहिल्या. मी तुले थांब म्हणून राह्यली होती, तेव्हाच्याच. मले काहून नाही दाखवलं? मी पहिले त्याच्यातल्या फ्रेमा मोजल्या असत्या, म्हणूनच ना? याडीनं तीनदा पाहिला. म्हणे, हा आमच्या जुन्या बैलासारखाच डावा पाय वढते. शेवटी तो थांबते अन् मान वळवून मागे पाहते. त्याच्या पुढे स्क्रीन काळी.

मी शनिवारी येऊन राह्यली. सकाळच्या बसनं वणी, तिथून राजूर. तेच सांगाले हे पत्र लिहिलं. लॅपटॉप संगं आणते, बॅटरी अजून तास-दीड तास टिकते. काट्यासमोर टपरी आहे, याडीनं सांगितलं. तुझी ड्युटी सुटेपर्यंत तिथंच बसीन. बैल पुरा करायचा आहे, ते खरं. पण नुसत्या बैलासाठी मी येत नाही. तुझं मन नसन तर रस्ता ओलांडू नको. मी लॅपटॉप टपरीवाल्यापाशी ठेवीन अन् परतीची बस धरीन, याडीले काही सांगणार नाही. आला, तर हाताचा कोळसा धुवाले थांबू नको. तसाच ये.

तुझीच, वाट पाहणारी
सुरभी