राकिया आणि पारा

३ फेब्रुवारी
देसांकाला ताप. मी घाबरलेलो नाही. नवरा खंबीर असला की बायको निम्मी बरी होते. खिडक्या बंद, दाराच्या फटीत चिंध्या. वाऱ्याच्या झोतानेच तर सगळे आजार होतात. मग माझ्या हातच्या आलुबुखाराच्या राकियाने तिचं अंग चोळलं. जत्रेत पहिलं बक्षीस मिळवलेली दारू आहे, उगाच नाही. लगेच थर्मामीटर झटकून बगलेत. ३६.९ अंश सेल्सिअस! सदतीसपर्यंत ताप नसतोच.
संकल्प: ३८ च्या वर गेला की डॉक्टर. शब्द म्हणजे शब्द.

४ फेब्रुवारी
खोकते आहे. चोळलं, मोजलं, ३७. डॉक्टरला बोलाव म्हणाली. थर्मामीटर दाखवला.

६ फेब्रुवारी, सकाळ
शेजारची झागोर्का डोकावली. आयुष्यभर नर्स होती, म्हणून जगाला शिकवते. म्हणे चोळण्याआधी मोजा, बगल कोरडी पुसा, हात दाबून दहा मिनिटं थांबा. ओल्या गार बगलेत पारा चढेल कसा, म्हणे. मला काय दुसरे उद्योग नाहीत? ती गेल्यावर, केवळ गंमत म्हणून, तसं करून पाहिलं. ३९.६.
थर्मामीटर बिघडला.

दुपार
चोळून पुन्हा मोजलं. ३७.१. थर्मामीटर आपोआप सुधारला.

७ फेब्रुवारी
देसांका मला बाबा म्हणते. गाई आत घ्या म्हणते. आमच्याकडे गाई कधीच नव्हत्या. राकियाची बाटली उघडली तर तिने माझा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मिलुतिन, पारा नको बघूस. माझ्याकडे बघ."
बघितलं. मग चोळून पाराही बघितला. ३७.२.

८ फेब्रुवारी
झागोर्काने मला न विचारता डॉक्टर आणला. त्याने बगल टॉवेलने पुसली, आमचाच थर्मामीटर लावला आणि घड्याळ बघत बसला. मग उजेडात नेऊन, डोळ्यांसमोर आडवा धरून वाचला. ४०.४. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. मी राकियाचा पेला पुढे केला. त्याने घेतला नाही. ॲम्ब्युलन्समध्ये माझ्यासाठी जागा नव्हती.

११ फेब्रुवारी
देसांकाला पुरून आलो. आलेल्यांना माझीच राकिया दिली. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने तिच्या नावाने थोडी जमिनीवर सांडली. चांगली झाली आहे म्हणाले.
थर्मामीटर टेबलावरच आहे. पारा अजून ४०.४ वर. झटकल्याशिवाय तो उतरत नाही. हातात घेतला, परत ठेवला.
उद्या झटकीन. शब्द म्हणजे शब्द.