पांढऱ्या ठिपक्याचा बोल्ट

ता. ११ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो तेवढाच. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलंय. चौथीनंतर तुझा कागदाशी संबंध फक्त नट-बोल्ट गुंडाळण्यापुरता राहिला, हे तूच म्हणायचास.

आता बातमी. म्हातारी सुरू झाली!

हे वाक्य मी सगळ्यात वर लिहिणार होते, पण आधी खुशाली लिहायची असते म्हणून कसाबसा धीर धरला. दादा, सुरू झाली! आज सकाळी साडेदहाला. नाही, खरं सांगायचं तर दहा चाळीसला. साडेदहाला नुसतीच खोकली. तू भंगारातून आणलेली ती बावीस वर्षांची टर्बो गाडी, जिच्या छतावर शेजारची मांजर संसार थाटून बसली होती, ती आज अंगणात उभ्या उभ्या घुमत होती, आणि बाबा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे असे बघत होते जसं काही तिला त्यांनीच जन्म दिला.

टर्बोचा आतला गाभा नवा टाकला. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, नवा टर्बो कोरडा फिरवायचा नाही. म्हणून आधी सिरिंजने आत तेल सोडलं. मग इंजिन पेटू नये म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारला, दहा दहा सेकंद, मध्ये थांबत. मी घड्याळ लावून. बाबा खाली आडवे होऊन परतीच्या नळीतून तेल येतंय का ते बघत होते. "आलं! आलं!" असे काही ओरडले, की आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं पाहुणे आले.

तू पलंगाखाली ठेवून गेलेला मोठा इंटरकूलरही बसवला. आईला मी समजावून सांगितलं, की टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, आणि ही जाळी तिला गार करते. आई म्हणाली, "म्हणजे तापवायचं आणि लगेच गार करायचं. तुझ्या बाबांचं डोकं कुणी असं बनवलं असतं तर किती बरं झालं असतं." बंपर कापण्याआधी बाबांनी तीनदा मोजलं. तू कागदावर काढून ठेवलेलीच मापं आली. "माप बरोबर आहे," म्हणाले. कुणाचं, ते म्हणाले नाहीत. पण तो कागद त्यांनी फेकला नाही, हेही मी पाहिलं.

आईच्या बर्फाच्या ट्रेमध्ये मी बोल्ट क्रमाने लावून ठेवले होते, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. गॅरेजमधल्या दिव्याची वायर बदलली. अजून काय बरं?

जोडणीला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, "मास्तरीण, बाटल्या आण." आपल्या त्या रंगाच्या दोन बाटल्या. मी सांगितलं, सुकून गेल्या. मग प्रत्येक बोल्ट मी त्यांच्यासमोर आवळला आणि त्यांनी हात लावून पाहिला. वेळ दुप्पट लागला.

पुढच्या महिन्यात तुला जाऊन दोन वर्षं होतील. त्या चढावर ती धूर ओकून बंद पडली, बाबा भर रस्त्यात तुला नको ते बोलले, आणि तू तिथूनच बस पकडलीस. मला वाटतं, आता ती चालायला लागली आहे तर तूही यावंस. मला फार वाटतं. पहिला लांबचा फेरा तुझ्याशिवाय मारायचा नाही असं मी ठरवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

लवकर दोन ओळी लिही.

तुझी,
मास्तरीण


ता. २५ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "पाइपच्या प्रत्येक जोडावर दोन क्लॅम्प लाव. एक पुरत नाही." आईने कार्ड उलटून पाहिलं, मागे अजून काही आहे का म्हणून. मग पुन्हा पुढून पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. "दोनच?" म्हणाली. तरी ते तिने आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय, आणि भांग पाडताना बघते.

क्लॅम्प लावले, दोन दोन. आणि बरं झालं लावले, कारण काल आम्ही तिला रस्त्यावर काढली!

आधी बाबांनी चालवली, पाण्याच्या टाकीपर्यंत. येताना मला दिली. पुढच्या काचेशेजारच्या खांबावर आता टर्बोच्या दाबाचा छोटा मीटर लावलाय, मीच वायर ओढली. दुसऱ्या गिअरमध्ये मी हळूच पाय दाबला. आधी काहीच नाही, म्हातारी विचार करत बसली. मग ती शीळ ऐकू आली, बारीक, लांबून कुणी बोलावल्यासारखी, काटा वर सरकला, आणि माझी पाठ धाडकन सीटला चिकटली. मी चक्क ओरडले. बाबा म्हणाले, "ओरडू नकोस, पुढे बघ," आणि स्वतःच हसायला लागले. किती दिवसांनी हसले सांगू? सांगत नाही. तुला वाईट वाटेल.

घरी आलो तर समोरचे शिंपीकाका फाटकात उभे. "वा! मुलाने येऊन दुरुस्त केली वाटतं?"

बाबा म्हणाले, "मुलाने बिघडवली. मुलीने केली."

काका ओशाळले. पण बाबा थांबले नाहीत. "बोल्ट सैल राहिला, ठीक आहे हो. माणूस विसरतो. पण न आवळता पांढरा ठिपका द्यायचा, आणि वर तोंड करून म्हणायचं, मी दिलाच नाही? टर्बोचं मला काही वाटत नाही. पोरगं खोटं बोललं."

मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते. जिने गाडी दुरुस्त केली ती मुलगी.

दादा, मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. म्हणजे बाबांना खोटं सांगितलं, आणि तुला ते खरं असल्यासारखं कळवलं. बाटल्या सुकलेल्या नाहीत. मी त्या माझ्या पुस्तकांच्या मागे ठेवल्या आहेत. झाकणं घट्ट लावून.

तुला आठवतं, ती पद्धत मीच काढली होती. बाबांना यादी वाचता येईना, म्हणून पिवळा ठिपका म्हणजे हाताने बसवला, पांढरा म्हणजे पान्याने पूर्ण आवळला. आणि ज्याने आवळला त्यानेच ठिपका द्यायचा, हा नियमही माझाच. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "आमच्या पोरीची शाळा बघा." माझं सगळं शिक्षण या घराला त्या दोन बाटल्यांतून दिसलं होतं.

गाडी बंद पडली त्याच्या आधीच्या शनिवारी तू टर्बोच्या तेलाच्या नळीचा पोकळ बोल्ट हाताने बसवलास आणि पिवळा ठिपका दिलास. तेवढ्यात आईने तुला टाकीवरचा पत्रा उडाला म्हणून हाक मारली. तू गेलास. मी मॅन्युअल घेऊन उभी. सगळे बोल्ट पांढरे आणि तो एकच पिवळा. मला वाटलं, दादाने आवळला असणार, ठिपका द्यायचा राहिला असणार. सोमवारी माझी परीक्षा होती, मला अभ्यासाला जायचं होतं. मी ब्रश बुडवला आणि पिवळ्यावर पांढरा दिला. तू आलास, पांढरा पाहिलास, तुला वाटलं बाबांनी आवळला. बाबांना वाटलं तू आवळलास.

चढावर सगळं तेल गेलं आणि टर्बो जळाला. बाबांनी तो बोल्ट दोन बोटांनी फिरवून दाखवला. तू म्हणालास, "मी पांढरा दिला नव्हता." ते म्हणाले, "मग काय भुताने दिला?"

मी मागच्या सीटवर होते. मॅन्युअल मांडीवर घेऊन. काच खाली होती. मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी एक शब्द बोलले नाही.

मी बाबांना सांगणार आहे. लिहिलं आहे म्हणजे आता सांगावंच लागेल.

तुझी,
बहीण


ता. ११ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं दुसरं कार्ड गुरुवारी आलं. "माहीत होतं. तेव्हा तुझी परीक्षा होती. बाबांना सांगू नकोस." आईने विचारलं, "या वेळी तीन ओळी आहेत, काय म्हणतो?" मी म्हटलं, क्लॅम्पबद्दल आहे. मग स्वयंपाकघराच्या मागे जाऊन रडले. तुला माहीत होतं. दोन वर्षं तिकडे एकट्याने जेवताना तुला माहीत होतं.

दादा, आजवर तू सांगितलेलं मी सगळं ऐकलं. हे ऐकलं नाही.

शनिवारी बाबा गाडीखाली होते, तेलाचं खालचं बूच पुसत. फक्त पाय बाहेर. तोंडाकडे बघून मला जमलं नसतं, म्हणून मी त्यांच्या पायांनाच सांगितलं. पिवळा, पांढरा, परीक्षा, मागची सीट, सगळं. मध्ये कुठेही "मला वाटलं" असं सुरू केलं नाही. आधी लिहून पाठ केलं होतं.

खालून पुसण्याचा आवाज थांबला.

"परत सांग."

परत सांगितलं.

"मला ओढ बाहेर," म्हणाले. ते नेहमी स्वतः घसरत येतात. मी त्यांच्या पाठीखालच्या चाकांच्या फळीला धरून ओढलं. ते उठून जमिनीवरच बसले, तेलाचं फडकं हातात. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं वाटलं असतं, इतकी मी घाबरले होते.

"किती वर्षांची होतीस तू तेव्हा?"

"एकोणीस."

"आणि मी?"

मी हिशोब करून सांगितलं, एकावन्न.

"तीस वर्षं मी दुसऱ्याने आवळलेला बोल्ट हाताने बघितल्याशिवाय बॉनेट पाडलं नाही," म्हणाले. "त्या दिवशी ठिपका बघितला. म्हटलं, पोरीची पद्धत आहे, शिकलेली आहे, हात कशाला लावायचा." मग बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले. "तू चुकलीस ते चुकलीस. बोलली नाहीस ते जास्त चुकलीस. पण रस्त्यात बोललो मी."

आई दारात कधी येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. "एक सांगत नाही, एक विचारत नाही, आणि एक न बोलता उठून जातो," म्हणाली. "नक्की माझ्याच पोटचे ना रे तुम्ही? आणि हे तर कुणाच्या पोटचे, देवालाच ठाऊक." असं म्हणून आत गेली आणि भांडी अशी आपटली, की मांजर पळून गेली.

बाबा रविवारी सकाळी समोर गेले. शिंपीकाकांना त्यांच्या मशीनजवळ उभं राहून सांगून आले, की मुलगा खोटं बोलला नव्हता, माझं चुकलं. कुणी सांगितलं नव्हतं जायला. परत आले ते कान लाल करून.

मी म्हटलं, दादाला लिहू का तुमच्याकडून? म्हणाले, "असलं काम कागदाने करायचं नसतं. तेलपाणी बघ. आपण जातोय."

म्हणजे आम्ही येतोय! येत्या रविवारी, १७ तारखेला. पहाटे निघू. सहा तासांचा रस्ता, म्हातारीला मध्ये दोनदा विश्रांती. मी वाटेतले सगळे पेट्रोल पंप लिहून घेतलेत, जादा तेल, जादा पाइप, आठ क्लॅम्प घेतलेत. बाबा म्हणतात त्याच चढावरून जायचं. मला आत्तापासून त्याची भीती वाटतेय, आणि तरी मला रविवार कधी येतो असं झालंय. हे दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

अकराच्या सुमारास तुझ्या कारखान्याच्या खोल्यांसमोर पोचू. हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल, म्हणजे विचार करायला दोन दिवस राहतात. तुला खाली यायचं नसेल तर येऊ नकोस. हे मी मनापासून लिहितेय. माझ्यावर रागावायचा तुला हक्क आहे आणि तू तो दोन वर्षं वापरलेला नाहीस. आम्ही एक वाजेपर्यंत थांबू आणि हॉर्न न वाजवता परत फिरू. हे बाबांनीच ठरवलंय.

पण आलास, तर त्यांना मध्ये थांबवू नकोस. "जाऊ द्या बाबा" असं म्हणू नकोस. आज संध्याकाळी ते बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं, काय झालं, काही गळतंय का? म्हणाले, "काही नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते बोलून बघतोय. पहिलं वाक्यच नीट येत नाही."

त्यांचं झालं की मग माझं ऐक. माझं लांबलचक आहे.

तुझ्या रागाला पात्र, आणि तरीही तुझीच,
बहीण