वन्संचा गुलाब माझ्या देखरेखीखाली

ता. ३ मार्च. सकाळी ११.
आज आलं ते असं:
गुलाब, मातीच्या मोठ्या कुंडीसकट, एक. वन्संकडून. किंमत नाही.
हमाल, कुंडी दोन जिने वर चढवण्याचे, २०. (ठरले होते पंधरा. मेला अर्ध्या जिन्यात कुंडी टेकवून बसला नि वीस म्हणाला.)
शेणखत, एक पिशवी, ३०.
पेंड, अर्धा किलो, १२.
हाडांचा चुरा घेतला नाही. नर्सरीवाला म्हणत होता, गुलाबाला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही बाई. शी! जे फूल देवापुढे ठेवायचं त्याला हाडं? आणि ज्या मापाने चुरा मोजतो त्याच मापाने पेंड मोजत होता. माप धुवायला लावलं.

वन्सं लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, १ जूनला परत. कुंडी सोपवताना डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, वहिनी, आईनं माहेराहून आणलेल्या फांदीचं हे शेवटचं झाड. आईचं म्हणून आता एवढंच उरलंय, सांभाळा. पाणी बेताने घाला. बेताने म्हणजे किती, ते नाही सांगितलं. ह्या घरातल्या माणसांना मापाचं वावडं आहे.

सासूबाई एकदा पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, हिच्या हातात उष्णता आहे, हिच्या हातून झाड जगायचं नाही. सोळा वर्षं झाली त्याला. मी कधीच विसरून गेले आहे.

संकल्प: १ जूनला वन्सं दारात येतील तेव्हा ह्याच झाडाचं फूल त्यांच्या हातात. पहिलं देवाला, दुसरं त्यांना. देवाशी तसं बोलून ठेवलं. मॅट्रिकला शास्त्रात बासष्ट मार्क होते, उगाच नाही.

ता. ६ मार्च.
भयंकर प्रकार उघडकीस आला. पाणी घातलं की कुंडीच्या तळातून तपकिरी पाणी बाहेर येतं. म्हणजे विकत आणलेलं खत माझ्या डोळ्यांदेखत मोरीत! कुंडीच्या बुडाला चक्क भोक आहे. वन्सं इतकी वर्षं पैसा असा वाहू देत होत्या. औषधाच्या बाटलीचं बूच ठोकून बसवलं, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं. आता एक थेंब वाया नाही.

हे म्हणाले, ते भोक कशासाठी तरी ठेवलेलं असेल ना? मी सांगितलं, भट्टीत भाजताना वाफ जायला ठेवतात. ह्यांना शास्त्र नव्हतंच.

ता. १० मार्च. दुपार.
छाटणी केली. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, वाळकी फांदी तेवढी काढा. वाळकी काढायला गेले ती शेजारची हिरवी आली, चांगली हातभर. चूक माझी नाही. ह्यांनी कात्रीने पत्रा कापला होता, त्यामुळे ती घसरते.

फांदी टाकवेना. आमच्या समोरच्या दारात राहणारी बाई (समोरची) टोमॅटोच्या रोपाला आधार द्यायला काठी शोधत होती, तिला दिली. तिने तिथल्या तिथे डब्यात खुपसली, जाड टोक खाली. तो डबाही माझाच, तेलाचा, तळ गंजून चाळणी झालेला. मागच्या वर्षी तिला देऊन टाकला. दान केलं की बोलू नये, म्हणून फक्त इथे लिहिते.

तिची बागकाम करण्याची तऱ्हा बघवत नाही. पाणी पिऊन झालं की ग्लासात उरलेलं दारातूनच डब्यात भिरकावते. तेही आठवलं तर. ते झाड आहे का थुंकदाणी?

ता. १५ मार्च.
गुलाबाचा आहार ठरवला. सकाळी दुधाच्या पातेल्याचं विसळलेलं पाणी. दहाला तांदळाचं धुवण. दुपारी चहाचा चोथा, साखरेसकट. संध्याकाळी डाळीचं पाणी. आपण चार वेळा खायचं नि त्याने उपाशी राहायचं, हे मला नाही पटत. शिवाय खर्च शून्य. वन्संना जे जमलं नाही ते मी स्वयंपाकघरातून करून दाखवणार.

बिल्डिंगमधल्या बायकांसाठी एक छोटी वही लिहावी म्हणते: घरच्या घरी झाडं कशी वाढवावीत. आज पहिला नियम लिहिला. झाडाला मूल समजा.

समोरचीला वाचून दाखवला. म्हणाली, अहो, मुलाला एवढं पाजलं तर ओकेल की. अडाणी.

ता. २४ मार्च.
खालची पानं पिवळी पडली. चांगली खूण आहे. जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही. पाणी दुप्पट केलं.

मातीवर पांढरी साय धरली आहे. दुधाचीच असणार.

ता. २ एप्रिल.
घाण वास. पायऱ्या चढतानाच येतो. खालचे मास्तर वर येऊन नाकाला रुमाल लावून म्हणाले, ताई, उंदीर मेलाय का कुठे? मी म्हटलं, आमच्याकडे उंदीर जन्मालाही येत नाही. वास समोरचीच्या मोरीचा असणार, दुसरा कोणाचा? तिला तसं सांगितलं. बिचारी मुकाट्याने नळवाल्याला घेऊन आली.

नळवाल्याने तिची मोरी उचकटली. स्वच्छ निघाली. मग तो वास हुंगत हुंगत आमच्या बाल्कनीत आला, कुंडीवर वाकला नि झटकन मागे सरला. म्हणाला, काकू, ह्यात काय पुरलंय? समोरची तोंडावर पदर धरून आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज दार लावल्यावरही येत होता.

नळवाल्यांना खताचा वास कळत नाही. वहीत नियम पाच: उत्तम खताला वास येतोच.

ता. ९ एप्रिल.
हात धुऊन धुऊन सालटी निघाली. माती जरा उकरली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळतायत, भाताच्या शितासारख्या. आज भात केला नाही. चिलटं तर घरभर. एक ह्यांच्या चहात पडलं. हे म्हणाले, आता चहासुद्धा झाडाबरोबर वाटून प्यायचा का? मुंग्यांची रांग कुंडीपासून देवाच्या फळीपर्यंत. देवापुढची साखर नेतात ते एक वेळ ठीक, पण तिथून ह्या घाणीत जातात नि परत येतात. किळस, किळस.

कपड्याच्या साबणाचं पाणी करून झाडाला अंघोळ घातली. फुलाचं वचन पुरं व्हायला थोडा वेळ लागेलसं दिसतं. देवाला म्हटलं, फूल नसेल तर कळी चालेल.

ता. १७ एप्रिल.
वन्संचं पत्र. नातू झाला. शेवटी एक ओळ: आईचा गुलाब कसा आहे? रोज आठवण येते.

उत्तर लिहिलं: गुलाब मजेत आहे, त्याची चिंता नसावी. हे खोटं नाही. झाड मजेत आहे की नाही, हे माणसाला नक्की कसं कळणार? तरी देवापुढे दिवा लावताना आज वर बघितलं नाही. वाऱ्यामुळे. वात सांभाळायची होती.

एकूण पानं: सात. साबणाने गेली ती जुनीच होती.

ता. २८ एप्रिल.
समोरचीच्या यजमानांची बदली झाली, आज ट्रक लागला. पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि त्यांच्यावर तो गंजका डबा! मी म्हटलं, अहो, हा कशाला नेता, ट्रक विटाळेल. म्हणाली, राहू दे हो, सवय झालीय, उरलेलं पाणी टाकायला काहीतरी लागतं. मग म्हणाली, टोमॅटो तर संपले, तुमची काठी परत हवी का? रुजल्यासारखी घट्ट बसलीय, ओढावी लागेल.

मी हसून म्हटलं, त्या काठीचं मला काय करायचंय? ठेवा तुम्हालाच.

जाताना गळ्यात पडली. पत्र लिहीन म्हणाली. नवा पत्ता कागदाच्या कपट्यावर लिहून दिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते चिलट गेल्यामुळे. चिलटं तिच्या दारापर्यंत पोचली होती.

पाच पानं.

ता. ११ मे. सकाळी १०.
पान एकही नाही. देवाला म्हटलं, कळी राहू दे, एक पान दे.

ह्यांनी मला न विचारता नर्सरीवाल्याला बोलावलं. २५ घेतले नुसते येण्याचे. त्याने खोड दोन बोटांत धरून जरासं वर उचललं, तर सगळं झाड पचकन बाहेर आलं, चिखलातून पाय निघावा तसं. मुळं काळी, बुळबुळीत. हाताला लागली ती त्याने आमच्याच भिंतीला पुसली. मग कुंडी आडवी करून बुडाशी बघत राहिला. बूच नखाने टोकरलं. म्हणाला, बाई, हे भोक कोणी बुजवलं? मी म्हटलं, खत वाया जात होतं. तो म्हणाला, बुडवून मारलंत की हो. तहानेने मेलेलं झाड मी पुष्कळदा पाहिलंय, पण असं पोटभर जेवून मेलेलं पहिल्यांदाच.

हे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. कुंडीच्या काठावरून बोट फिरवत उभे राहिले नि म्हणाले, आई ह्याला रोज सकाळी हात लावून बघायची, माती ओली आहे का म्हणून. ओली असली की नाही घालायची पाणी.

हे मला कोणी आधी सांगितलं नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही.

ता. १३ मे.
नर्सरीतून दुसरा गुलाब आणला, ४०. तोच गुलाबी, तसाच, म्हणाला; कळीसुद्धा आहे. वन्संची फसवणूक करण्याचा हेतू अजिबात नाही. फक्त कुंडी रिकामी दिसू नये. त्यांनी नाही विचारलं तर आपण होऊन विषय काढायचा नाही, एवढंच. बूच काढलं आहे.

ता. २१ मे.
कळी उघडली. पिवळी. हळदीसारखी पिवळी, आणि वास म्हणाल तर पाण्याला असतो तेवढाही नाही. हे ऑफिसला जाताना बघून गेले. देवापुढे ठेवलं नाही. त्यालाही कळलंच असतं.

वन्संचं कार्ड आलं: १ जूनला दुपारी पोचते, सामान घरी न टाकता आधी तुमच्याकडेच येते, आईला बघायला. आईला, असं लिहिलंय.

ता. २४ मे.
समोरचीचं पत्र. तिच्या अक्षराला काना-मात्रा कसले ते नाहीत. त्यातलं उतरवून ठेवते:

तुमच्या काठीला पालवी फुटलीय हो. मी टोमॅटोचंच समजत होते, पण काटे लागले. काल फूल आलं, एकच, बोराएवढं, फिकट गुलाबी, पण वास असा की माझे हे विचारायला आले, पाहुणे आलेत का अत्तर लावून. कसलं झाड आहे ते सांगा. आणि काय घालू तेही सांगा, मी काहीच घालत नाही, ग्लासातलं उरलेलं तेवढं. तेसुद्धा भोकांतून वाहून जातं. काही चुकत असलं तर रागवा. तुमचा ह्यात हात मोठा.

तीनदा वाचलं. मग बाल्कनीत जाऊन काढून ठेवलेल्या बुचाकडे बघत बसले. किळस आली. कशाची ते लिहीत नाही.

घरच्या घरी झाडं वाढवण्याची वही रद्दीत घातली. कोरी पानं फाडून ठेवली.

ता. २५ मे. पहाटे.
देवाशी बोलले. काही मागितलं नाही. नुसतं झालं ते सांगितलं.

समोरचीला लिहिलेल्या पत्राची नक्कल:

सप्रेम नमस्कार. ती काठी माझी नाही. ती माझ्या सासूबाईंची आहे. माझ्याकडचं झाड मी मारलं. ते कसं, ते भेटीत सांगेन, तेव्हा पदर न धरता हसा. वास तुमच्या मोरीचा नव्हता. नळवाल्याला तुम्ही काय दिलंत ते कळवा, मी देणं लागते.

झाडाला काय घालावं असं विचारलंत. मला माहीत नाही. तुम्ही जे करता तेच करा. मी सांगते म्हणून काही करू नका, आणि मी आधी सांगितलेलं काही करू नका. डबा बदलू नका. भोकं बुजवू नका.

ह्यांच्या ताईंना मी आजच खरं लिहीत आहे. त्या १ तारखेला येतील. त्याआधी मी स्वतः गाडीने येऊन फांदीची फांदी घ्यावी, की अख्खा डबा मांडीवर घेऊन यावं, की त्यांनाच तुमच्याकडे आणावं, हे तुम्ही ठरवा. त्यातलं मला काही कळत नाही. मी हात लावणार नाही.

ग्लासात पाणी किती उरवता, तेवढं नक्की लिहा. आणि ती अजून जिवंत आहे ना, एवढं एका ओळीत का होईना, उलट टपाली कळवा.